चाकाखालचा धोंडा

दाजी, तुमच्या तेराव्याला, भरल्या अंगणात, तुमच्या आईसमोर मी तुमच्याविरुद्ध बोललो. बहिणीच्या सासरी जाऊन जावयाची चूक काढणारा मेहुणा आपल्या दोन्ही घरांत आजवर झाला नव्हता. तो मी झालो. तुम्ही असता तर मिशीत हसून म्हणाला असता, "बोल की मेहुण्या, आज रान मोकळंच हाय तुला." रान मोकळं होतं खरं. उलट बोलायला समोर तुम्ही नव्हता, म्हणून तर बोलणं इतकं जड गेलं.

का बोललो ते तुम्हाला सांगायला पाहिजे. कारण या प्रकरणात ज्या एका माणसाची साक्ष सगळ्यांनी मानली असती, तो माणूस तुम्ही होता.

गाव काय सांगतं ते आधी ऐका. गाव सांगतं की दुरुस्त केलेली होडी गाड्यावर घालून नवरा-बायको उतारानं धरणाच्या पाण्याकडं नेत होते. नवरा खालच्या अंगाला होता, बायको वर दोर धरून होती. बायकोनं दोर सोडला, गाडा सुटला, आणि नवरा गाळात गाड्याखाली गेला. एवढंच. प्रत्यक्ष पाहिलेलं कुणीच नाही, पण सांगतात सगळे. आणि यातलं एक अक्षरही खोटं नाही, हीच तर पंचाईत आहे. आक्कानं, माझ्या बहिणीनं, दोर सोडला होता.

मुळात ती होडी घ्यायलाच माझा विरोध होता, आठवतं का? तुमचं घर मेंढरं राखणारं. तुमच्या आज्याची मेंढरं ज्या माळावर बसायची तो माळ धरणाच्या पोटात गेला, तेव्हा घरातले बाकीचे ऊसतोडीला गेले, आणि तुम्ही म्हणालात, "माळ पान्यात गेला तर मी बी पान्यात जातो." आधी ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकायचात. लोक हसायचे. मग भीमेकडच्या एका म्हाताऱ्या मासेमाराची जुनी फायबरची होडी बघायला मला घेऊन गेलात. मी चौसाळ्यात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो, म्हणून मला लोखंडातलं कळतं, म्हणजे होडीतलंही कळत असणार, असा तुमचा हिशेब. तुम्ही तिथं काय केलंत? बाजारात मेंढीचे दात बघावेत तसे वाकून होडीचं बूड बघितलंत, बोटानं ठोकलंत, कान लावलात आणि म्हणालात, "म्हातारी हाय, पर दूध देईल." बुडाला हातभर चीर होती. बसायची फळी कुजलेली होती. म्हाताऱ्या मासेमारालाही हसू आवरेना.

ती होडी माझ्या दुकानामागं महिनाभर पडून होती. आपण दोघांनी ती घासली. चिरेवर काचेच्या धाग्याची जाळी अंथरून वरून राळेसारखं ते औषध चोपडायचं, आणि ते वाळावं म्हणून त्यात दुसरं औषध थेंब-थेंब मोजून टाकायचं. औषध देणाऱ्या दुकानदारानं सांगितलं होतं, थेंब मोजा. तुम्ही म्हणालात, "थेंब कावून? जरा सडळ हातानं टाकू, बिगीनं वाळंल." बादलीतून धूर निघाला. बादली वाकडी झाली, आणि ढवळायची काठी आत गच्च रुतून उभी राहिली. मी चिडलो होतो. तुम्ही ती बादली उलटी करून त्या गोळ्याला हळद-कुंकू वाहिलंत आणि माझ्या पोरांना म्हणालात, "या, चौसाळ्यात नवा देव निघालाय." माझा राग टिकू द्यायचा नाही, ही तुमची जुनी खोड.

फळी नवी बसवली. फळीखाली रिकामे तेलाचे कॅन तोंडं घट्ट लावून आवळून बांधले, म्हणजे होडीत पाणी भरलं तरी ती बुडू नये. कडेला जुन्या टायरच्या पट्ट्या ठोकल्या. ते सगळं झालं आणि मग गाड्याचं काम काढलं. आपल्या जिल्ह्यात होडीला चाकं लागतात, हे भीमेकडच्या त्या म्हाताऱ्याला पटतच नव्हतं. त्याला काय माहीत? आपल्याकडं पाणी एका जागी नांदत नाही. दिवाळीला ते तुमच्या गोठ्यामागच्या लिंबापाशी असतं, होळीला हाकेच्या पलीकडं गेलेलं असतं, आणि एखाद्या वर्षी तर कुणाच्या हाकेलाच येत नाही. चाकं नसतील तर होडी म्हणजे दावणीची गव्हाण. आणि त्या कोरड्या वर्षी ती गव्हाणच झाली होती. तुम्ही तिच्यात करडं कोंडून ठेवलीत, त्यांनी कडेच्या टायरच्या पट्ट्या कुरतडल्या, आणि पोळ्याला दारात बैल नाही म्हणून तुम्ही होडीच्या नाकाडाला गेरू लावून वर झूल घातलीत. गावानं तेव्हाही हसून घेतलं. तुमची आई मात्र पुरणपोळीचं ताट घेऊन आली आणि होडीला ओवाळून गेली.

गाडा आपण भंगारातल्या जीपच्या एक्सलवर केला. होडी सरकावी म्हणून बोअरच्या जुन्या पाइपाचे रूळ केले, त्यांना रबर गुंडाळलं. बेरिंग माझ्या दुकानातलं. त्या बेरिंगवरनं आपलं पहिलं भांडण झालं. गाडा रस्त्यानं ओढत आणला की चाकाची माटी, बेरिंग बसतं ती मधली वाटी, तापते. ती तापलेली तशीच पाण्यात घातली की पाणी आत ओढून घेते, आणि आतलं वंगण ताकासारखं पांढरं होतं. मी सांगितलं, आधी निवू द्या, मग पाण्यात घाला. वर आणलं की खोलून नवं वंगण भरा. ते तुम्ही ऐकलंत. ऐकलंत म्हणजे इतकं की, सावलीत बसून बिडी संपेपर्यंत गाडा पाण्याला शिवू द्यायचा नाहीत. आक्का म्हणायची, घरात मला इतकी विश्रांती न्हाई जितकी त्या चाकाला हाय.

पण धोंड्याचं काही ऐकलं नाहीत.

आपल्याकडं उतारावर गाडी थांबली की पहिला खाली उतरणारा माणूस धोंडा शोधतो. बैलगाडी असो, ट्रॉली असो, लग्नाच्या वऱ्हाडाचा टेम्पो असो. चाकामागं धोंडा सरकवला की सगळे निवांत. मुरमावर, खडकावर ते चालतं, आजोबा-पणजोबांपासून चालत आलंय. तुम्ही तर होडीत एक काळा धोंडा कायमचाच ठेवला होता. पाण्यात तो नांगर, जमिनीवर तो ब्रेक. मी शंभरदा म्हणालो, दाजी, धरणाचा गाळ म्हणजे मुरूम नव्हे. वरून खपली वाळलेली दिसते, खाली लोण्यागत मऊ असतं. धोंडा चाकाला अडवणार नाही, चाकच धोंड्याला घेऊन जाईल. वर घट्ट जागेत पहार ठोका, गाड्याची साखळी पहारीला बांधा, आणि मग कुठं जायचं तिथं जा. तुम्ही म्हणालात, "आरं, पंढरीचा रथ बी धोंड्यावर थांबतुय. तुझ्या साखळीवाचून त्याचं कावून अडलं न्हाई?" हे बोलून झालं की मेहुण्यानं गप्प बसायचं. शेवटचा शब्द दाजीचा. लग्नात तुमचा कान पिळला तेवढाच काय तो माझा अधिकार, आणि त्याबद्दलही रीतीप्रमाणं तुम्ही मला कपडे दिलेत.

मी हुक लावलेली चांगली साखळी दुकानातून आणून दिली. पुढच्या खेपेला आलो तर तिला बोकड बांधलेला. बोकडही ऐटीत होता.

मागल्या उन्हाळ्यात दोर माझ्या हातात होता, ते विसरला नाहीत ना? गाडा उतारावर, मी वरून दोर ताणून धरलेला, तुम्ही खाली. धोंडा सारलात आणि खालून ओरडलात, "सोड दोर मेहुण्या, धोंडा लावलाय की! हमालागत कावून ताणतूस?" मी सोडला. तिथं खाली मुरूम होता. गाडा हलला नाही. तुम्ही माझ्याकडं बघून भुवया उडवल्यात, आणि मला आणखी एकदा हरल्यासारखं वाटलं.

म्हणून फोन आला आणि कुणीतरी म्हणालं, बाईनं दोर सोडला, तेव्हा पुढचं मला कुणी सांगायची गरज नव्हती. गाडी चालवत येताना मी तुम्हाला शिव्या देत आलो. मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत. मी दिल्या. धारूरच्या घाटात मिळतो तसला खडक काय तुम्हाला सगळीकडं मिळणार होता? तुम्ही गाळात का गेलात? मागच्या रुळात वेड्या बाभळीची फांदी अडकली होती म्हणे. एका फांदीसाठी! पाय गाळात रुतलेले, त्यामुळं बाजूला उडी मारता आली नाही. हे सांगणाऱ्याला मी पुढं बोलू दिलं नाही.

आक्का गोठ्याजवळ बसली होती. रडत नव्हती. तळहात वर करून मांडीवर ठेवले होते, जणू कुणाचे तरी हात राखायला दिलेत. बायका येत होत्या आणि तिच्या गळ्यात पडायच्या आधी तिच्या हातांकडं बघत होत्या. मला कळेना. मग तुमच्या चुलतभावाच्या बायकोनं दबक्या आवाजात, पण मला ऐकू येईल असं म्हटलं, "दोर वढून धरला असता तर हात सोलले असते. बघा की, हायती तसे हायती."

तुमच्या आईनं त्या दिवसापासून आक्काच्या हातचं पाणी घेतलं नाही. तांब्या पुढं केला की तोंड फिरवायची. एकच प्रश्न, आल्यागेल्या प्रत्येकाला: "तिनं दोर कावून सोडला?" दाजी, तुमच्या घरात होडीत बसलेली पहिली बाई माझी बहीण. तुम्ही तिला वल्हं मारायला शिकवलंत, ती तुमच्याबरोबर पहाटे जाळी काढायची, आणि तिथं, त्या पाण्याच्या मधोमध, मी तिला मोठ्यानं हसताना ऐकलंय. माहेरीसुद्धा ती तशी कधी हसली नव्हती. आमची आई घरात मासा शिवू द्यायची नाही, तर तुम्ही अंगणात तीन दगडांवर कालवण करायचात आणि आईला म्हणायचात, "सासूबाई, वास घ्यायला तरी हरकत न्हाई ना?" आई वास घेता घेता दोन भाकरी खायची. बहीण दिली त्या घरात तिला असा माणूस मिळाला म्हणून मी देवापुढं हात जोडले होते. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आपल्यात तसं बोलायची सवय नव्हती, टोमणे मारायची होती.

दहाव्यानंतर बहिणीला चार दिवस माहेरी न्यायची रीत आहे. मी आक्काला म्हणालो, चल चौसाळ्याला. चार दिवस नव्हे, कायमची चल. होडी मी विकून टाकतो, भंगारात घालतो, पेटवून देतो. गोठ्याच्या आडोशाला ती पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली.

"तेच सोड म्हणले," ती म्हणाली. "मी सोडला."

"मग हे सगळ्यांना सांग की!"

"काय सांगू? मेल्या मानसाच्या डोक्यावर घालू? आत्याबाईला सांगू, तुमचं लेकरू आपल्याच चुकीनं मेलं म्हणून? त्यांना तेवढंच राहिलंय आता, की चूक माझी हाय."

"तर मग चल इथनं."

"आत्ता आले तर दोर सोडला म्हणूनच गेली म्हणतील. जलमभर म्हणतील. आन होडी इकायची न्हाई. पानी रोज खाली जातंय. होडी चिखलात हाय तोवर काढाया पायजे, न्हाईतर वाळल्यावर बूड फाटंल. तूच सांगितलंतं ना?"

मीच सांगितलं होतं. माझ्या बहिणीला त्या घडीला होडीचं बूड आठवत होतं, आणि मला तिचा चेहरा बघवत नव्हता. तुमची अब्रू राखायला ती आपली जाळत होती. हे तुम्हाला चाललं असतं का, दाजी? मला माहीत आहे, चाललं नसतं. पण तुम्ही काही उठून सांगणार नव्हता.

मग तेरावा. आम्ही माहेरचे दुखवट्याचे कपडे घेऊन आलो. मी आक्काच्या अंगावर लुगडं घातलं आणि तुमची आई सगळ्यांसमोर म्हणाली, "घाल बाबा, घाल. दोर सोडायचा हात झाकाया लुगडं आनलंस, ब्येस केलंस."

मी उठून उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हणालो, मावशी, दोर तिनं सोडला, पण सोड म्हणाले दाजी. धोंडा लावला की ते असंच म्हणायचे. गाळात धोंडा थांबत नाही हे मी त्यांना वर्षभर सांगत होतो. त्यांनी ऐकलं नाही. चूक माझ्या बहिणीची नाही. चूक तुमच्या लेकाची आहे.

तुमचे चुलते म्हणाले, "पावनं, खाली बसा." तुमची आई माझ्याकडं बघत राहिली. "माझं लेकरू मेलं," ती म्हणाली, "आन तू त्याच्यावरच घालतूस व्हय रं? त्याचं जेवलास, त्याच्या होडीत बसलास." मी बसलो नाही. मी समोर बसलेल्या बाप्यांना विचारलं, तुमच्यापैकी ज्यांनी कधी ना कधी तो गाडा धरलाय, त्यांना दाजी दोर सोड म्हणाले नव्हते का? सगळे जमिनीकडं बघायला लागले. शेवटी शेजारचा गोरख, ज्याच्या ट्रॅक्टरनं तुमचा गाडा धरणाच्या काठापर्यंत जायचा, तो टोपी काढून म्हणाला, "मला बी म्हणले व्हते. दोन खेपंला." आणखी कुणीतरी हुंकार भरला. एवढ्यावर ते संपलं. पानं वाढली गेली, लोक जेवले, हात धुऊन गेले.

मी जिंकलो होतो. वर्षभराचं आपलं भांडण, शेवटचा शब्द एकदाचा माझा झाला होता. दाजी, तो शब्द मी कुणाच्याही पदरात टाकायला तयार आहे. मला तुमचं ते भुवया उडवणं हवंय.

दुपार कलल्यावर माणसं पांगली. गोरख आणि त्याचा भाऊ होडी बघायला धरणाकडं गेले. पहार घेऊन गेले, ते मी पाहिलं. मी निघायच्या तयारीत होतो. आक्का भांडी गोळा करत होती. तुमची आई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, सकाळपासून काही न खाता. तिनं हाक मारली, "ये गं इकडं."

आक्का पातेलं खाली ठेवून गेली आणि समोर उभी राहिली. मला वाटलं आता शिव्याशाप. मीही पायरीपाशी गेलो.

"त्यो सोड म्हणला?"

"व्हय, आत्याबाई."

"कसा म्हणला?"

आक्काला प्रश्नच कळला नाही. मलाही नाही.

"म्हंजी रागं भरला व्हता का? का भ्याला व्हता? त्याचा आवाज कसा व्हता, ते सांग ना मला. कुनी सांगंना. समदी मला दोराचंच सांगत्यात."

आक्का तिच्यासमोर खाली बसली. "हसत व्हते," ती म्हणाली. "वर बघून हसले. म्हणले, सोड गं, धोंडा लावलाय की. हात लाल झाल्यात तुझं."

हे तिनं मलाही सांगितलं नव्हतं. हातांचं.

तुमच्या आईनं आक्काचा एक हात उचलून आपल्या मांडीवर ओढला, उलटा-पालटा करून पाहिला आणि म्हणाली, "आनिक एकदा म्हन."

आक्कानं पुन्हा म्हटलं. म्हातारीनं डोळे मिटून ऐकलं. "आनिक एकदा." आक्का तोंडात पदर कोंबून नुसती हलत राहिली. तुमची आई माझ्याकडं वळली. "तुला बी म्हणला व्हता ना रं? तू सांग."

मी पायरीवर बसलो, घसा साफ केला, आणि दाजी, होईल तितक्या तुमच्या आवाजात म्हणालो, "सोड दोर. धोंडा लावलाय की."

"हां," तुमची आई म्हणाली. "अस्सा म्हणायचा."